कुमुदिनी लावायची तर जोडीनं

पावसाळा सरता सरता भंडारा-गोंदियाकडच्या बोड्यांत, म्हणजे छोट्या गावतळ्यांत, कुमुदिनी फुलते. गोल, देठापाशी चिरलेली पानं पाण्यावर पसरलेली आणि जेमतेम दोन सेंटीमीटरचं पांढरं फूल. मध्ये पिवळं, पाकळ्यांवर कापूस पिंजून चिकटवावा तशी लव. सकाळी उमललेलं फूल त्याच दिवशी मिटतं.

पानं बघून कुणीही तिला कमळाची धाकटी बहीण म्हणेल. पण कुमुदिनीचं, म्हणजे शास्त्रीय नावानं निम्फॉइडिस इंडिकाचं, कुळ मोडतं सूर्यफुलाच्या गणात! पाण्यावर तरंगायचं तर पान पसरट हवं, श्वासरंध्रं वरच्या बाजूला हवीत, देठात हवेच्या पोकळ्या हव्यात. कमळानं हे आपल्या वाटेनं साधलं, कुमुदिनीनं आपल्या.

खरी गंमत फुलाच्या आत आहे. काही वेलींच्या फुलांत स्त्रीकेसर उंच आणि पुंकेसर आखूड, तर काहींत नेमकं उलट. एका वेलीवर मात्र एकच प्रकार. आखूड पुंकेसरांचे परागकण मधमाशीच्या अंगाला जिथं लागतात, तिथंच पुढच्या फुलातलं आखूड स्त्रीकेसर टेकतं. उंचाचं उंचाशी जुळतं. त्यामुळे बी धरतं ते मुख्यतः दोन प्रकारांची गाठ पडली तरच. श्रीलंकेतल्या कुमुदिनीच्या या दोन रूपांबद्दल चार्ल्स डार्विननं १८७७ सालीच लिहिलं होतं.

आता अडचण अशी, की कुमुदिनी लावणं फार सोपं. देठाच्या पेरासकट पान तोडून ओल्या गाळात खोचलं की झालं. पण एकाच वेलीची पानं लावून तळं भरलं, तर सगळी फुलं एकाच प्रकारची आणि बियांच्या नावानं बोंब! उन्हाळ्यात बोडी पार आटते तेव्हा पुढच्या पिढीची भिस्त बियांवरच असते. म्हणून फूल उकलून स्त्रीकेसराची उंची बघावी आणि दोन्ही प्रकारच्या वेलींची पानं आणावी. एका बोडीत एकच प्रकार दिसला तर शेजारच्या गावची बोडी धुंडाळावी.

प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या शेततळ्यात मुळांना धरायला गाळच नसतो. तिथं गाळ भरलेल्या कुंड्या उथळ कडेला बुडवाव्या. आणि काठावर बेशरमाची झुडपं माजली असतील तर आधी ती मुळासकट काढा. अर्जुनी मोरगाव भागात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या मंडळींनी तलावांतली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, त्यानंतर तिथं मासे वाढले.