छातीतली कळ आणि सोड्याची बाटली
रांगड्या गड्याच्या छातीत कळ आली तर ते पित्तच, सोडा प्यायला की उतरते, ही समजूत कोल्हापुरात तालमीपासून रंकाळ्याच्या कट्ट्यापर्यंत वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती चुकीची आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की कळ कधी जबड्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागातही जाणवते, दरदरून घाम फुटतो. सोड्याने ढेकर येऊन क्षणभर हलके वाटते, परंतु गुठळी जागीच राहते आणि रक्त न मिळालेला स्नायू मरत जातो. जोर-बैठकांनी कमावलेले शरीर तंबाखूचा बार भरणाऱ्याला अभय देत नाही. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांतच सर्वाधिक उपयोगी पडते, म्हणून स्वतः मोटारसायकलला किक न मारता १०८ ला फोन करावा.