वास्तव वायू

आदर्श वायूचे समीकरण काटेकोरपणे न पाळणाऱ्या वायूला वास्तव वायू म्हणतात. निसर्गातले सगळेच वायू या व्याख्येत बसतात. आदर्श वायूच्या कल्पनेत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: रेणूंनी स्वतः जागा व्यापलेली नसते, आणि ते एकमेकांना ओढत नाहीत. खऱ्या रेणूंच्या बाबतीत दोन्ही खोटे आहे. वायू या समीकरणापासून किती आणि कोणत्या बाजूला ढळतो, हे त्याच्या रेणूंमधील आकर्षणावरून ठरते. म्हणूनच रासायनिक बंध आणि वायूंचे वर्तन हे शालेय पुस्तकात दूरदूर पडलेले दोन धडे इथे एकमेकांना येऊन मिळतात.

रॉबर्ट बॉइल यांनी 1662 मध्ये दाब आणि आकारमान यांचे व्यस्त प्रमाण मांडले. तापमान आणि आकारमानाचा संबंध शार्ल यांना 1787 च्या सुमारास सापडला होता, पण तो छापून आला गे-ल्युसॅक यांच्या 1802 च्या लेखात. अ‍ॅव्होगाद्रो यांचे गृहीतक, म्हणजे समान तापमान आणि दाबाला समान आकारमानात समान रेणू असतात हे, 1811 चे. या सर्वांचे मिळून जे समीकरण होते ते असे: दाब गुणिले आकारमान बरोबर मोलसंख्या (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक मोठी संख्या) गुणिले वायुस्थिरांक गुणिले निरपेक्ष तापमान. वायुस्थिरांकाचे मूल्य दर मोल दर केल्विन 8.314 जूल आहे. 0° से. तापमान आणि 1 वातावरण दाब असताना या समीकरणाप्रमाणे कोणत्याही वायूच्या एका मोलने 22.414 लिटर जागा व्यापायला हवी. प्रत्यक्षात हेलियम 22.43 लिटर भरतो आणि कार्बन डायऑक्साइड 22.26 लिटर. फरक किरकोळ दिसतो, पण त्याची दिशा पाहण्यासारखी आहे. हेलियमच्या रेणूंमध्ये आकर्षण जवळजवळ नाही, तिथे रेणूंनी अडवलेली जागा जाणवते आणि आकारमान थोडे वाढते. कार्बन डायऑक्साइडचे रेणू एकमेकांना ओढतात, म्हणून तो आक्रसतो.

दाब वाढवला की हा फरक किरकोळ राहत नाही. नायट्रोजनच्या एका मोलमधील रेणूंमुळे इतर रेणूंना न मिळणारी जागा सुमारे 0.039 लिटर असते. साध्या दाबाला 22.4 लिटरमध्ये ती खिजगणतीत नसते. पण 300 केल्विन तापमानाला 200 बार दाबाखाली आदर्श समीकरणाने येणारे एकूण आकारमानच 0.125 लिटर आहे. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा रेणूंनीच अडवलेला.

व्हॅन डर वाल्स यांचे समीकरण. योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स हे लायडनच्या एका सुताराचे चिरंजीव. बरीच वर्षे शाळेत शिकवत शिकवत त्यांनी पुढचे शिक्षण घेतले आणि 1873 मध्ये, वयाच्या पस्तिशीत, वायू व द्रव या अवस्थांच्या सलगतेवर प्रबंध लिहिला. त्यात त्यांनी आदर्श समीकरणात दोनच दुरुस्त्या केल्या. आकारमानातून रेणूंनी अडवलेली जागा वजा केली. त्यासाठीचा स्थिरांक ‘बी’. आणि आकर्षणामुळे भिंतीवरचा दाब जेवढा कमी भरतो तेवढा मोजलेल्या दाबात मिळवला. त्यासाठीचा स्थिरांक ‘ए’. भिंतीकडे निघालेल्या रेणूला मागचे रेणू आत ओढतात, म्हणून त्याचा आघात हलका पडतो. ओढले जाणारे आणि ओढणारे दोन्ही रेणू घनतेच्या प्रमाणात वाढतात, म्हणून ही दुरुस्ती घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

हिशोब करून पाहावा. कार्बन डायऑक्साइडचा एक मोल अर्ध्या लिटरच्या भांड्यात 300 केल्विनला ठेवला, तर आदर्श समीकरण 49.9 बार दाब सांगते. ‘बी’ची किंमत 0.0427 लिटर धरून फक्त जागेची दुरुस्ती केली तर उत्तर 54.5 बार येते, म्हणजे वाढते. ‘ए’ची किंमत 3.64 धरून आकर्षणाचे 14.6 बार वजा केले की उरतात 40 बार. प्रत्यक्ष मोजलेला दाब याच आकड्याच्या जवळ असतो. दोन दुरुस्त्या उलट दिशांनी ओढतात आणि इथे आकर्षण जिंकते. वायू आणखी दाबत नेला तर जागेची दुरुस्ती वरचढ होते. एवढ्या साध्या समीकरणातून वायूचा द्रव कसा होतो हेही दिसते. त्याआधी त्यासाठी वेगळा सिद्धांत हवा असे वाटे. या कामासाठी त्यांना 1910 चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘ए’च्या किमती शेजारी शेजारी ठेवल्या की रसायनशास्त्र बोलू लागते. हेलियम 0.035, नायट्रोजन 1.37, कार्बन डायऑक्साइड 3.64, अमोनिया 4.2, पाण्याची वाफ 5.5. हा चढता क्रम रेणूंच्या वजनाचा नाही: पाण्याचा रेणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा हलका आहे.

बंध आणि आकर्षण. विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गफलत इथे होते. पाणी उकळते तेव्हा ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तुटतो, असे उत्तर परीक्षेत हमखास येते. तो बंध तोडायला दर मोल सुमारे 460 किलोजूल लागतात. पाण्याची वाफ करायला एकूण 40.7 किलोजूल पुरतात. वाफेतही पाण्याचा रेणू जसाच्या तसा असतो, फक्त शेजाऱ्यांपासून सुटलेला. रेणूच्या आतला सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला) आणि दोन रेणूंमधले आकर्षण यांत असा दहा ते शंभर पटींचा फरक असतो. नायट्रोजनचा तिहेरी बंध 945 किलोजूलचा, माहीत असलेल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. तरीही नायट्रोजनचे रेणू एकमेकांना इतके कमी धरतात की तो −196° से.लाच उकळतो. बंध बळकट म्हणजे उत्कलनबिंदू जास्त, हे समीकरण रेणूंच्या बनलेल्या पदार्थांना लावताच येत नाही. मिठाची गोष्ट वेगळी. त्यात सुटे रेणूच नसतात, आयनांची सलग जाळी असते, आणि वितळवायला ती जाळीच मोडावी लागते. त्यासाठी 801° से. तापमान लागते.

रेणूंमधील आकर्षण तीन मार्गांनी येते. ध्रुवीय रेणूंचे धन टोक शेजाऱ्याच्या ऋण टोकाकडे वळते. ध्रुवीय रेणू अध्रुवीय रेणूच्या इलेक्ट्रॉनांना सरकवून त्यातही तात्पुरता द्विध्रुव निर्माण करतो. तिसरे आकर्षण सर्वव्यापी आहे: रेणूतले इलेक्ट्रॉन क्षणोक्षणी कमीजास्त एका बाजूला झुकतात आणि शेजारच्या रेणूचे इलेक्ट्रॉन त्याला जुळवून घेतात. याचा पुंजयामिकीय खुलासा फ्रिट्झ लंडन यांनी 1930 मध्ये केला. इलेक्ट्रॉन जितके जास्त आणि सैल, तितके हे आकर्षण मोठे. म्हणून क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव आणि आयोडीन स्थायू. ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लुओरीनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या अशाच अणूकडे ओढला जातो तेव्हा हायड्रोजन बंध होतो. पाण्यात त्याची ताकद दर मोल 20 किलोजूलच्या आसपास असते. हायड्रोजन सल्फाइड पाण्याच्या जवळपास दुप्पट वजनाचा असूनही −60° से.ला उकळतो तो असे बंध त्यात जवळजवळ नसल्यामुळेच.

आकर्षण कुठे संपते आणि बंध कुठे सुरू होतो, ही रेषा काही वायूंत डोळ्यांना दिसते. लेड नायट्रेट तापवल्यावर निघणारा तपकिरी धूर प्रयोगशाळेत अनेकांनी पाहिलेला असतो. हा नायट्रोजन डायऑक्साइड. बंद चंबूत भरून तो बर्फात धरला की रंग फिकट होत जातो आणि गरम पाण्यात धरला की पुन्हा गडद होतो. थंडीत दोन-दोन रेणू नायट्रोजन-नायट्रोजन बंधाने जोडले जाऊन रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनतो. हा खरा सहसंयुज बंध, पण फक्त 57 किलोजूलचा.

द्रवीकरण. मायकेल फॅरडे यांनी 1823 मध्ये क्लोरीनचा द्रव केला, पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन असे काही वायू कितीही दाबले तरी बधत नव्हते. त्यांना ‘स्थायी वायू’ म्हणत. कोडे सोडवले बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी, 1869 मध्ये. कार्बन डायऑक्साइड 31° से.च्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही, असे त्यांनी दाखवले. या मर्यादेला क्रांतिक तापमान म्हणतात. तिच्या वर रेणूंची धावपळ आकर्षणाला दाद देत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात याचा रोज प्रत्यय येतो. प्रोपेनचे क्रांतिक तापमान 96.7° से. आणि ब्युटेनचे 152° से., म्हणून घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो इंधन द्रवरूपात मावते. 30° से.ला ब्युटेनचा बाष्पदाब सुमारे 2.8 बार आणि प्रोपेनचा 10.8 बार असतो. मिश्रणाचा या दोहोंच्या मधला. द्रव शिल्लक आहे तोवर दाब फारसा उतरत नाही, त्यामुळे गॅस किती उरला ते दाबावरून नव्हे, वजनावरून कळते. गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करण्याची खोड मात्र सोडायलाच हवी, कारण त्याने द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो. मिथेनचे क्रांतिक तापमान −82.6° से., त्यामुळे रिक्षातल्या सीएनजीला 200 बारपर्यंत दाबूनही तो वायूच राहतो. तरी आकर्षणामुळे टाकीत आदर्श समीकरणाच्या हिशोबापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त मिथेन मावतो. मुंबई हायचा वायू उरणच्या प्रकल्पात येतो, तिथे थंड करून त्यातून प्रोपेन आणि ब्युटेन वेगळे काढतात. या वेगळेपणाचे मूळ एवढेच, की त्यांच्या रेणूंत मिथेनपेक्षा इलेक्ट्रॉन जास्त आहेत.

‘स्थायी’ वायूंपैकी ऑक्सिजनचे तुषार 1877 मध्ये मिळाले, हायड्रोजन जेम्स डेवार यांनी 1898 मध्ये द्रव केला, आणि शेवटी उरलेला हेलियम 10 जुलै 1908 रोजी लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी 4.2 केल्विनला. हेलियमचे अणू आपापसांत रासायनिक बंध करत नाहीत, तरी त्याचा द्रव होतो. त्याच्या बाष्पीभवनाला दर मोल फक्त 0.08 किलोजूल लागतात. साध्या दाबाला तो कितीही थंड केला तरी गोठत नाही. त्यासाठी सुमारे 25 वातावरण दाब द्यावा लागतो, आणि ते 1926 मध्ये त्याच प्रयोगशाळेत विलेम केसोम यांनी करून दाखवले. ध्रुवीय रेणूंमधील आकर्षणाचे गणित मांडणारे केसोम ते हेच.