नकाशातली रेघ कॉम्प्युटरला कशी समजली: जीआयएसची पार्श्वभूमी

मोबाईलच्या नकाशात रस्ता म्हणजे रेघ, दवाखाना म्हणजे टिंब, तळं म्हणजे निळा आकार. याची आपल्याला इतकी सवय झालीये की दुसरं काही असूच शकत नाही असं वाटतं. पण हे कुणीतरी बसून ठरवलंय, आणि दरवेळी समोर जे काम होतं त्याच्या हिशोबाने ठरवलंय.

जागेची माहिती नकाशासकट कॉम्प्युटरमध्ये साठवायची आणि तपासायची, याला जीआयएस म्हणतात. त्याची सुरुवात कॅनडात झाली. १९६० च्या दशकात तिथल्या सरकारने कॅनडा लँड इन्व्हेंटरी हे प्रचंड काम हातात घेतलं, कुठली जमीन शेतीला चांगली, कुठे जंगल, कुठे वन्यप्राण्यांना जागा असे वेगवेगळे नकाशे, शेतीसाठी तर जमिनीचे सात वर्ग. आता कसदार जमीन आहे पण सध्या तिथे जंगल आहे अशी जागा किती, हे काढायचं तर दोन शीट एकावर एक ठेवून हाताने क्षेत्रफळ मोजायचं, तेही एवढ्या मोठ्या देशाचं, म्हणजे शेकडो माणसं कित्येक वर्षं बसवावी लागली असती. रॉजर टॉमलिन्सन तेव्हा ओटावातल्या एका हवाई सर्व्हे कंपनीत होते, त्यांनी हे कॉम्प्युटरवर करायचं ठरवलं. आयबीएम सोबत आली, नकाशे वाचायला खास मोठा ड्रम स्कॅनर बनवला.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट स्कॅनर वाटत नाही, रेघ साठवायची पद्धत वाटते. शेजारशेजारच्या दोन गटांमधला बांध एकच असतो ना, तसंच त्यांनी दोन आकारांमधली रेघ एकदाच साठवली आणि तिच्या डावीकडे कोण, उजवीकडे कोण हे सोबत लिहून ठेवलं. त्यामुळे मध्ये फट पडत नाही, एकमेकांवर चढत नाही, आणि शेजारी कोण हे विचारलं की लगेच सांगता येतं. यालाच टोपॉलॉजी म्हणतात. डेटा मॅग्नेटिक टेपवर असायचा, त्यामुळे जमिनीवर जवळ असलेले भाग टेपवरही जवळच यावेत म्हणून आयबीएमच्या गाय मॉर्टन यांनी १९६६ मध्ये तुकड्यांना नंबर द्यायची एक युक्ती काढली, ती मॉर्टन ऑर्डर म्हणून आजही वापरात आहे.

त्याच सुमारास अमेरिकेच्या जनगणना खात्यालाही वेगळ्या वाटेने हेच सापडलं. १९६७ मध्ये न्यू हेवन शहरात त्यांनी डाइम नावाची पद्धत आजमावली, रस्त्याचा एक तुकडा, त्याची दोन टोकं, दोन्ही बाजूंचे ब्लॉक आणि घर नंबर कुठून कुठपर्यंत. त्यांना क्षेत्रफळ नको होतं, पत्ता कुठल्या ब्लॉकमध्ये पडतो ते हवं होतं. पुढे यातूनच टायगर हा त्या खात्याचा देशभराचा डिजिटल नकाशा-डेटाबेस झाला.

मग सॅटेलाइट आले. १९७२ चा लँडसॅट १, त्याचा एक पिक्सेल जमिनीवर साधारण ८० मीटरचा, आणि आपला आयआरएस-१ए १९८८ चा, त्याच्या लिस-१ कॅमेऱ्याचा ७२.५ मीटर. इथे रेघ नाही, आकार नाही, नुसते चौकोन आणि प्रत्येकात एक आकडा. पाऊस, उंची, तापमान अशा हळूहळू बदलत जाणाऱ्या गोष्टींना ही चौकोनांची, म्हणजे रास्टर पद्धतच बरी, उगाच व्हेक्टरचा, म्हणजे टिंब-रेघ-आकाराचा हट्ट धरू नये.

१९८२ ला एसरी या अमेरिकन कंपनीचं आर्क/इन्फो हे जीआयएस सॉफ्टवेअर आलं. आर्कमध्ये रेघा, इन्फोमध्ये माहितीचे टेबल, आणि टोपॉलॉजी शाबूत. पण १९९० च्या दशकात एसरीच्याच आर्कव्ह्यू सॉफ्टवेअरसोबत शेपफाइल ही नकाशा साठवायची फाइल आली आणि तिने टोपॉलॉजी सोडूनच दिली, प्रत्येक पॉलिगॉन (म्हणजे बंद आकार) आपली हद्द स्वतःची स्वतः साठवणार, म्हणजे सामाईक रेघ दोनदा. का, तर त्यामुळे साध्या पीसीवर नकाशा झटकन दिसायचा. शिवाय फॉरमॅटची माहिती कंपनीने सगळ्यांसाठी खुली केली, म्हणून तो जगभर पसरला. मला हा सौदा महाग पडला असं वाटतं, कारण कॉलमच्या नावाला फक्त १० अक्षरं आणि तीन फाइली सोबत सांभाळा हे चालवून घेता येतं, पण दोन हद्दींमधल्या बारीक फटी आणि ओव्हरलॅप मात्र जो तो आजही क्यूजीआयएस या फुकट जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये टोपॉलॉजी चेकर लावून शोधत बसतो.

२००४ ला सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपने, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाने, परत थोडं जुन्या वाटेने जायचं ठरवलं. तिथे नोड (टिंब), वे (टिंबं जोडणारी रेघ) आणि रिलेशन (यांचे गट) एवढेच प्रकार, पॉलिगॉन असा वेगळा प्रकारच नाही, बंद झालेला वे आणि त्यावरचे टॅग, म्हणजे माहितीची लेबलं, बघून ते तळं आहे का इमारत ते ठरतं. आणि दोन रस्ते एकच नोड वापरत असतील तरच ते जोडलेले, नाहीतर वरून पूल गेलाय असंही असू शकतं.