चंद्रकोरीचे साक्षीदार

इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळलं. बळी देणं थांबलं, पण सण थांबवून चालणार नव्हते. आणि सण पाळायचे तर आज तिथी कोणती, हे गावोगावच्या ज्यूंना एकच कळायला हवं.

महिना २९ दिवसांचा की ३०, हे पंडितांचं न्यायमंडळ ठरवी. मंदिर पडल्यावर ते यावने या गावी बसू लागलं. कोवळी कोर पाहिल्याचं सांगणाऱ्या दोघांना वेगवेगळं विचारलं जाई: कोर सूर्याच्या उत्तरेला की दक्षिणेला? किती उंच? कुठे कललेली? न्यायमंडळाचे प्रमुख रब्बान गमलिएल यांच्या माडीवर भिंतीवर चंद्राचे आकारच काढलेले होते. 'असा दिसला की असा?'

निकाल कळवायला जुन्या काळी डोंगरावर मशाल पेटत असे. लांब देवदारी काठीला बोरू, तेलकट लाकूड आणि जवसाचे धागे दोरीने बांधायचे आणि पुढच्या डोंगरावर उजेड दिसेपर्यंत ती हलवत राहायची. ज्यूंशी वैर असलेल्या शोमरोनी लोकांनी खोट्या मशाली पेटवल्या, तेव्हा निरोपे धाडणं आलं. ते दूर वेळेत पोचत नसत. म्हणून बाहेरचे ज्यू सण दोन दिवस पाळू लागले, अनेक घरांत आजही पाळतात.

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे सौरवर्षाहून ११ दिवसांनी तोकडं. वल्हांडण सण तर वसंतातच हवा. आपल्याकडे संक्रांत न येणारा महिना अधिक होतो, त्यांच्याकडे नेहमी अदार हाच महिना दोनदा येतो. पण तो केव्हा घालायचा हेही न्यायमंडळाच्याच हाती, आणि इथे रोमचा हात पोचत होता. चौथ्या शतकात बॅबिलोनच्या रवा या पंडिताला आलेला सांकेतिक निरोप पाहा: 'दोघे रेकेतहून निघाले, गरुडाने त्यांना धरलं.' रेकेत म्हणजे तिबिरिया, गरुड म्हणजे रोम. 'अहरोन वारला त्या महिन्यात एक कारभारी नेमला' याचा अर्थ, आव महिन्यात अधिक मास ठरला.

यावरचा उतारा म्हणजे गणित. परंपरा त्याचं श्रेय न्यायमंडळाचा प्रमुख दुसरा हिल्लेल याला, ३५९ च्या सुमारास देते. नियम मात्र पुढे काही शतकं घासले गेले. ९२२ साली तर पॅलेस्टाइन आणि बॅबिलोनचे सण दोन दिवसांनी वेगळे पडले होते.

१९ वर्षांत ७ अधिक मास, एकूण २३५ महिने. महिना २९ दिवस, १२ तास आणि तासाचे १०८० पैकी ७९३ भाग. आजच्या मापनाशी फरक जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. वर्षाची सरासरी मात्र किंचित जास्त भरते, त्यामुळे वल्हांडण सुमारे २१६ वर्षांत एक दिवस उन्हाळ्याकडे सरकतो. तो मागे ओढायला आता न्यायमंडळ नाही.