सोडियम ॲस्कॉर्बेट आणि सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट: सीरममध्ये टिकतं कोणतं?

‘स्थिर व्हिटॅमिन सी वापरलं, तरी सीरम पिवळं पडलं’ ही तक्रार आली की आधी पुडीवरचं नाव वाचावं. तिथे सोडियम ॲस्कॉर्बेट लिहिलेलं असेल, तर ते स्थिर नाहीच. स्थिर असतं ते सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट (पुढे नुसतं ‘फॉस्फेट’).

ॲस्कॉर्बेट ओळखीचंच आहे: चघळायच्या गोळ्यांत असतं ते, ॲस्कॉर्बिक ॲसिडचा आंबटपणा काढलेला क्षार. दोन्ही पावडरी फिक्या रंगाच्या, दोन्ही पाण्यात विरघळतात, दोन्ही सहसा झोंबत नाहीत. साम्य इथेच संपतं.

ॲस्कॉर्बेट पाण्यात पडलं की सोडियम सुटा होतो आणि ॲस्कॉर्बेट आयन (विद्युतभार असलेला रेणू) उघडा राहतो. रेणूच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनवरची ऑक्सिजनची जोडी हाच व्हिटॅमिन सीचा कामाचा भाग. हवेतला ऑक्सिजन नेमका तिथेच लागतो. त्यातून हा आयन मूळ ॲसिडपेक्षाही लवकर ऑक्सिडाइझ होतो, आणि सीरम पिवळं पडतं. म्हणजे पीएच ७ वर, न्यूट्रल पातळीवर, आणल्याने व्हिटॅमिन सी सौम्य होतं, पण त्याचं आयुष्य घटतं. ‘न्यूट्रल म्हणजे स्थिर’ असं ठोकून देणं आता तरी थांबायला हवं.

फॉस्फेटची गोष्ट निराळी. त्यात दुसऱ्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला फॉस्फेट गट सहसंयुज बंधाने जोडलेला असतो. सोडियम इथेही सुटतो, फॉस्फेट गट सुटत नाही. हल्ल्याची जागा झाकलेली राहते. त्वचेतलं फॉस्फेटेज हे एन्झाइम तो गट तोडतं, तेव्हा व्हिटॅमिन सी मोकळं होतं. याची किंमतही आहे: विद्युतभार असलेला हा रेणू त्वचेत फारसा खोल शिरत नाही, आणि १० टक्के फॉस्फेटमधून फार तर साडेपाच टक्के व्हिटॅमिन सी मिळतं. तरी आठवडेच्या आठवडे टिकायला हवं असेल, तर पाण्यातल्या सीरमला ॲस्कॉर्बेट घेऊच नये.

पीएच ३.५ च्या खाली ठेवायची अट शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडची. ती फॉस्फेटला लावली, तर बंध बाटलीतच तुटू लागतो. १०० ग्रॅम सीरमसाठी ५ ग्रॅम सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, ५ ग्रॅम ग्लिसरीन, ०.५ ग्रॅम झँथन गम, ०.१ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए (धातूंचे अंश बांधून ठेवणारं), प्रिझर्व्हेटिव्ह आणि बाकी डिस्टिल्ड पाणी. फॉस्फेट ४० अंशांखाली घालावं. द्रावणाचा पीएच ९-१० च्या घरात जातो; विरळ सिट्रिक ॲसिड थेंबाथेंबाने घालत ७ वर थांबावं. दाटपणासाठी झँथनऐवजी कार्बोमर नको, क्षारामुळे जेल पातळ होते. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून सोडियम बेंझोएटही नको, या पीएचला ते निकामी ठरतं, फिनॉक्सिइथेनॉल चालतं.

पुडीची शंका असेल, तर चिमूटभर पावडर पाण्यात विरघळवून पीएच ७ च्या आसपास आणावा आणि पोव्हिडोन आयोडीनचे थेंब टाकावेत. पीएच न उतरवता टाकलं, तर अल्कलीनेच आयोडीन फिकं पडून फसगत होते. ॲस्कॉर्बेट असेल, तर थेंबामागून थेंब लगेच रंगहीन होतो. फॉस्फेटमध्ये तपकिरी रंग टिकतो. पहिलाच एखादा थेंब उडाला, तर तो किंचित मोकळ्या ॲस्कॉर्बिक ॲसिडचा परिणाम असू शकतो.