भीमाशंकरचं जंगल रात्री चमकतं म्हणजे नेमकं काय होतं?

पावसाळा लागला की भीमाशंकरच्या जंगलाचे रील फिरायला लागतात. पानं, वेली, खोडं, सगळं हिरवंगार लखलखतंय आणि खाली ओळ: 'ज्योतिर्लिंगाचं दैवी तेज'. कुणी शहाणा म्हणतो, मातीत फॉस्फरस आहे. अशीच चमक गोव्यात म्हादईच्या रानातही दिसते, तिथे कुठलं आलं ज्योतिर्लिंग? आणि फॉस्फरस मातीतून उजळत नाही. चमकते ती सडक्या लाकडावरची बुरशी, बहुतेक करून मायसिना गटातली.

१९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं ते मुख्यतः शेकरूसाठी. जांभूळ, हिरड्याच्या फांद्यांवरून उड्या मारणाऱ्या या राज्यप्राण्याचं कौतुक होतंच. बुरशीकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. पडलेल्या ओंडक्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारा पदार्थ, फोडणं हे तिचं काम. ते झालं नाही तर जंगलात लाकडांचा नुसता ढीग साचेल.

आता प्रकाशाकडे येऊ. बुरशीच्या पेशीत कॅफेइक आम्ल असतं. एक विकर (एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) त्यापासून हिस्पिडिन नावाचा रेणू बनवतं. दुसरं विकर हिस्पिडिनला एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जोडतं, की तयार झालं ल्युसिफेरिन, म्हणजे प्रकाशाचं इंधन. तिसरं विकर ल्युसिफेरेज. ते या इंधनाला हवेतला ऑक्सिजन जोडतं. त्यातून बनणारा रेणू अस्थिर असतो. तो कार्बन डायऑक्साइड टाकून मोकळा होतो. या झटापटीत सुटलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जात नाही, तिचा बराचसा भाग उरलेल्या रेणूत अडकतो आणि तो शांत होताना साधारण ५२० ते ५३० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश बाहेर पडतो. मला सगळ्यात आवडतं ते यापुढचं: उरलेल्या रेणूचं चौथं विकर पुन्हा कॅफेइक आम्ल करून टाकतं, आणि चक्र परत सुरू! म्हणूनच ओंडका काजव्यासारखा लुकलुकत नाही, तासन् तास मंद तेवत राहतो.

ऑक्सिजनची गरज सतराव्या शतकातच दिसली होती. रॉबर्ट बॉइलने चमकतं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून हवा काढून घेतली. चमक विझली, हवा आत सोडताच परत आली. इंधनाचा रेणू मात्र २०१५ साली ओळखता आला. पुढे २०२० मध्ये ही विकरं बनवणारी बुरशीची जनुकं तंबाखूच्या रोपात घातल्यावर रोपं बाहेरून काही न देता आपोआप उजळली, कारण कॅफेइक आम्ल वनस्पतींत मुळातच असतं.

बुरशीला याचा उपयोग काय? ब्राझीलमधल्या एका चमकत्या अळंबीवर झालेल्या प्रयोगात असं दिसलं की हिरवा दिवा लावलेल्या नकली अळंब्यांकडे कीटक जास्त आले. कीटकांमुळे बीजाणू, म्हणजे ज्यांतून नवी बुरशी उगवते ते बारीक कण, पसरत असतील. पण ती अळंबी ब्राझीलची. सह्याद्रीतल्या मायसिनाला तोच नियम सरसकट लावू नये.

रीलमधला झगझगाट कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवल्याचा आणि नंतर रंग चढवल्याचा. डोळ्यांना दिसतो तो फिकट, पांढुरका उजेड, कारण मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. तोही टॉर्च बंद करून अर्धा तास अंधारात काढल्यावर. काही पर्यटक चमकतं लाकूड तोडून घरी नेतात. ते वाळलं की बुरशीचं काम थांबतं आणि हातात उरतो जळणाचा तुकडा.