पडतोय, पण हवेला टेकून

एक जानेवारीला संध्याकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला. बर्फाच्या उंच घसरगुंडीवरून एक माणूस सुसाट येतो, टोकावरून झेपावतो आणि चार-पाच सेकंदं हवेतच. खाली कोणीतरी लिहिलेलं, "पायात बघा काय ताकद आहे, रोज भिजवलेले बदाम खात जा". बदामांवर माझा राग नाही, पण यात अर्धी गोष्ट चुकीची आहे. हा माणूस वर उडतच नाहीये, पडतोय. फक्त फार हुशारीने पडतोय.

व्हिडिओ होता फोर हिल्स टूर्नामेंटचा. १९५३ पासून चाललेली ही स्की जंपिंगची (पायाला स्की म्हणजे लांब पट्ट्या बांधून मारायच्या उड्यांची) स्पर्धा चार ठिकाणी होते: जर्मनीत ओबर्स्टडॉर्फ आणि गार्मिश-पार्टनकिर्शेन, मग ऑस्ट्रियात इन्सब्रुक आणि बिशोफ्सहोफेन. डिसेंबरच्या शेवटाला सुरू होते, ६ जानेवारीच्या आसपास संपते. गार्मिशची उडी १ जानेवारीला, त्यामुळे युरोपात अर्धी जनता आदल्या रात्रीची झोप काढत काढत ती बघते. पहिल्या फेरीत ५० जणांच्या २५ जोड्या लावतात, जिंकणारे २५ आणि हरलेल्यांतले बरे ५ दुसऱ्या फेरीत जातात. चारही ठिकाणचे पॉइंट्स एकत्र करून विजेता ठरतो.

आता मूळ मुद्दा. रॅम्पचं टोक वर वळलेलं असेल असं आपल्याला वाटतं ना? ते खाली झुकलेलं असतं, साधारण १० ते ११ अंश. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने तो तिथे पोचतो आणि पाय सरळ करून स्वतःला ढकलतो, सगळा खेळ साधारण पंचवीस-तीस शतांश सेकंदाचा. टायमिंग एक शतांश सेकंद चुकलं की रॅम्पवर २५ सेंटिमीटर निघून गेलेले असतात.

मी कागदावर शाळेतलं गणित करून बघितलं. हवाच नाही असं धरा, फक्त गुरुत्वाकर्षण. मग हाच माणूस उतारावर ६५-७० मीटरवर आदळतो. प्रत्यक्षात तो १३० च्या पुढे जातो, म्हणजे जवळपास अर्धं अंतर हवेने दिलेलं असतं. बाकी बहुतेक खेळांत हवा आडवी येते, इथे तिच्यावर टेकून जायचं असतं.

कसं? लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पंजा थोडा तिरका केला की हात आपोआप वर उचलला जायचा, आठवतंय? (कंडक्टर ओरडायचा, ते बरोबरच होतं, काढू नका.) पंजा हवेला खाली ढकलतो, हवा पंजाला वर. उडी मारणारा तेच अख्ख्या अंगाने करतो, जवळजवळ आडवा होऊन पुढे झुकतो. आधी स्की समांतर ठेवायचे. १९८० च्या दशकात यान बोक्लव्ह नावाच्या स्वीडिश खेळाडूने त्या इंग्रजी व्ही सारख्या फाकवल्या. परीक्षकांनी स्टाइलचे पॉइंट्स कापले, तरी पठ्ठ्याने १९८८-८९ चा वर्ल्ड कप जिंकला. समांतर स्की अंगाच्या आडोशाला जातात, फाकवल्या की दोन्ही बाजूंना मोकळ्या हवेत येतात, एकूण पंख रुंद होतो. पण पंख जास्त तिरका केला की उचल वाढते तसा अडथळाही वाढतो, आणि एका मर्यादेपुढे हवा पाठीवरून सुटते, उचल कोसळते. त्यामुळे खरा खेळ उचल भागिले अडथळा या गुणोत्तराचा, आणि ते दर क्षणाला बदलतं कारण खाली येताना वेग आणि दिशा दोन्ही बदलत असतात. इथे कोणाची लिंक तुटली असेल तर एसटीचा पंजा धरून ठेवा, पुरे आहे.

यातूनच उलटी गंमत निघते. समोरून वारा आला की चांगलं! उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सेकंदाला २५ च्या जागी २७ मीटर वेगाची हवा लागली तर सुमारे १७ टक्के जास्त. म्हणून समोरच्या वाऱ्याला पॉइंट्स वजा होतात आणि पाठीमागच्या वाऱ्याला मिळतात.

आणि पाय कसे मोडत नाहीत? खालचा उतारही त्याच्याच वाटेने, तीसेक अंशांनी खाली जात असतो. त्यामुळे उताराला काटकोनात आपटण्याचा वेग फार थोडा, एखाद्या कठड्यावरून खाली उडी मारल्याइतका. फार लांब गेला, जिथे उतार सपाट होतो, तर मात्र खरी आपट.

२००२ मध्ये जर्मनीच्या स्वेन हानावाल्डने पहिल्यांदा चारही ठिकाणं जिंकली, त्यानंतर जर्मनीचा विजेता झालेला नाही, म्हणून तिकडे शापाच्या गोष्टी चालतात. इन्सब्रुकच्या रॅम्पवर बसलं की समोर कब्रस्तान दिसतं, त्याचंही भांडवल होतं. अरे, चार वेगवेगळ्या टेकड्या, आठ उड्या, प्रत्येक वेळी वेगळा वारा, एक उडी फसली की खेळ खलास, इथे शाप कशाला लागतो? २०२३-२४ मध्ये जपानच्या र्योयु कोबायाशीने चारांपैकी एकही टप्पा जिंकला नाही. चारही ठिकाणी दुसरा आला, आणि ट्रॉफी घरी घेऊन गेला.